हाताने घडवलेला सत्तूर हवा असेल, तर आधी काय कापणार ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कारखान्यातल्या सुऱ्या बरीच वर्षं वापरल्या, दगडावर धार लावायलाही शिकलो. आता लोहाराने हाताने घडवलेला, जुन्या पद्धतीचा, रुंद पात्याचा सत्तूर हवा आहे. भाजी रोज कापतो, हाडं अधूनमधून तोडतो. एकाच सत्तुरात दोन्ही व्हावं. पोलाद कोणतं सांगू? किती कडक, किती जड? आणि हातात आल्यावर तो चांगला आहे की नाही हे ओळखायचं कसं?"

वीस वर्षांहून जास्त काळ मी भट्टीपुढे उभा आहे आणि त्यात सगळ्यात जास्त घडवले ते असे रुंद पात्याचेच सुरे. तुमच्या प्रश्नात पोलाद, कडकपणा, वजन यांवरच जोर आहे आणि काय कापायचं ते एका वाक्यात उरकलं आहे. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे असंच बोलतात. मी आधी काय कापायचं त्यावरच बसवून ठेवतो, कारण पोलाद थोडं इकडचं तिकडचं झालं तरी सुरा चालून जातो. पात्याची जाडी चुकली, तर कितीही उंची पोलाद त्याला वाचवू शकत नाही.

रुंद चौकोनी पातं दिसलं की आपण सरसकट सत्तूर म्हणतो. पण त्या एकाच आकारात दोन अगदी वेगळी हत्यारं आहेत. एक तोडायचं आणि एक कापायचं. चिनी स्वयंपाकघरात हा आकार रोजच्या वापरात आहे आणि तिथे त्यांना नावंही वेगळी आहेत. पातळ तो पिएनदाओ, हाडं तोडायचा जाड तो गूदाओ, आणि दोन्हींच्या मधला तो वनवूदाओ. वन म्हणजे लेखणीचं काम, वू म्हणजे युद्धाचं. नावातच सगळं आलं. भिंतीवर टांगलेले तिन्ही लांबून सारखेच दिसतात. हातात घेतल्यावर मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

फरक कुठे असतो ते आकड्यांत सांगतो. भाजीच्या पातळ सुऱ्याची पाठ मुठीजवळ दोन ते अडीच मिलिमीटर आणि पुढे जाताना दीड मिलिमीटरपर्यंत उतरलेली असते. धारेच्या लगेच मागे पाव मिलिमीटर, आणि धारेपासून एक सेंटिमीटर वर जेमतेम एक मिलिमीटर. हाडांच्या सत्तुराची पाठ पाच ते सात मिलिमीटर, धारेच्या मागे एक मिलिमीटर किंवा थोडं जास्त, आणि एक सेंटिमीटर वर अडीच ते तीन. पातळ सुऱ्याची धार प्रत्येक बाजूने बारा ते पंधरा अंशांची, सत्तुराची बावीस ते पंचवीस अंशांची आणि किंचित फुगीर. मी घडवताना हेच आकडे धरतो.

जाड पात्याने गाजर कापून पाहा. धार दाढी करण्याजोगी असली तरी पातं अर्ध्यात पोचतं, 'टक्' असा आवाज येतो आणि गाजर धारेच्या पुढे स्वतःच तडकतं. तिथून पुढे धारेचं काम संपलेलं असतं, वरची जाडी पाचरीसारखी गाजर फाडत जाते. लोक हा आवाज ऐकून दगड काढतात आणि धार लावत बसतात. दगडाचा तिथे उपयोग नाही. पातं मुळात त्या कामासाठी घडवलेलंच नाही.

उलट बाजूचं नुकसान जास्त दुखतं. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातचा एक पातळ सुरा परत आला. धारेच्या मधोमध, करंगळीच्या नखाएवढा, चंद्रकोरीच्या आकाराचा टवका उडालेला. मी भिंग लावून तुटलेली कड पाहिली. कण बारीक होते, राखाडी मखमलीसारखे, म्हणजे पाणी (पातं लाल तापवून एकदम थंड करून कडक करणं, याला आम्ही पाणी देणं म्हणतो) नीट बसलेलं होतं. त्या सुऱ्याने गोठलेलं मांस हाडासकट तोडायचा प्रयत्न झाला होता. ज्यांनी वापरला त्यांना मी दोष दिला नाही, कारण सुरा घडवण्याआधी ते काय कापणार हे मी विचारलंच नव्हतं. त्यांनी फक्त "चांगला, पातळ, धारदार" एवढंच सांगितलं होतं आणि मी तेवढंच ऐकलं होतं. टवका घालवायला पूर्ण धार तीन मिलिमीटर मागे घ्यावी लागली. त्यानंतर तो प्रश्न विचारल्याशिवाय मी कोळसा पेटवलेला नाही.

आता तुमचं "एकाच सत्तुरात दोन्ही". मधला प्रकार करता येतो. पाठ साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, पुढचा दोन तृतीयांश भाग पातळ आणि मुठीकडचा एक तृतीयांश भाग, ज्याला टाच म्हणतात, तो जाड आणि बोथट कोनाचा ठेवायचा. पुढच्या भागाने भाजी, टाचेने कोंबडीची बारीक हाडं, माशाचं डोकं, नारळासारखं काही नाही. जनावराची मोठी नळीची हाडं तर अजिबात नाही. तुमचं अधूनमधून म्हणजे महिन्यातून दोनदा कोंबडी असेल, तर हा मधला सुरा तुम्हाला सुखात ठेवेल. मोठी हाडं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: लोहाराकडून पातळ सुरा घडवून घ्या आणि हाडांसाठी साधा, जाड, कारखान्यातला सत्तूर ठेवा. हाडं तोडणाऱ्या सत्तुराला वजन लागतं आणि चिवटपणा लागतो. तेवढं साध्या पोलादातही मिळतं. हाताच्या कामाचा खरा फरक पातळ पात्यात कळतो, जिथे पाव मिलिमीटरवर सगळं ठरतं.

वजनाचं गणित तुम्ही घरीही करू शकता. एक घन सेंटिमीटर पोलाद सुमारे ७.८५ ग्रॅम भरतं. पातं २१ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असेल, तर सरासरी जाडीत वाढलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १६५ ग्रॅम. पातळ सुऱ्याची सरासरी जाडी सव्वा ते दीड मिलिमीटर येते, म्हणून मुठीसकट तो तीनशे ते साडेतीनशे ग्रॅमचा होतो. मधला साडेचारशेच्या आसपास. हाडांचा सातशेच्या पुढे. कागदावर १५० ग्रॅमचा फरक किरकोळ दिसतो. अर्धा तास कांदा बारीक चिरल्यावर मनगट त्याचा हिशेब सांगतं.

ऑर्डर देण्याआधी एक काम करा. जाड पुठ्ठ्यातून किंवा पातळ प्लायवूडमधून तुम्हाला हव्या असलेल्या मापाचं पातं कापा, मूठ म्हणून एखादी दांडी बांधा आणि तुमच्या नेहमीच्या ओट्यावर, नेहमीच्या बोर्डवर उभं राहून कापल्यासारखं करा. मूठ धरल्यावर बोटांची पेरं बोर्डला लागतात का? कोपर खांद्यापर्यंत उचलावं लागतं का? पात्याच्या रुंदीने समोरची बोटं झाकली जातात का? रुंद पात्याचा मोठा फायदा असा की दुसऱ्या हाताच्या बोटांची मधली पेरं पात्याला टेकवून कापता येतं आणि धार त्यांच्या वर कधी येत नाही. तो फायदा हाताच्या मापाप्रमाणे कमीजास्त होतो. मला असे पुठ्ठे पोस्टाने आले आहेत, वर पेनाने "इथे एक सेंटिमीटर कमी" असं लिहिलेलं. दहा फोटोंपेक्षा मला तो एक पुठ्ठा जास्त सांगतो. तोल कुठे हवा तेही त्याच वेळी ठरवा. अंगठा आणि तर्जनी पात्याला चिमटीत धरतात तिथे तोल आला, तर सुरा हलका वाटतो. तोडायच्या सत्तुरात तोल पुढे असावा, म्हणजे वजन स्वतः खाली येतं.

हाताने घडवलेलं म्हणजे काय, यावर थोडं मोकळेपणाने बोलायला हवं. भट्टीत पोलाद तापवून ऐरणीवर ठोकून आकार देणं हे घडवणं. पोलादाच्या पट्टीतून पातं कापून घासून काढणं हाही हाताचाच धंदा आहे आणि त्यातून उत्तम सुरे निघतात. यांत्रिक घण वापरला म्हणून काम खोटं होत नाही. मी स्वतः जाड पट्टी उतरवताना वापरतो, नाहीतर खांदा टिकला नसता. मात्र "ठोकून ठोकून पोलाद घट्ट होतं, धार दाबून बसते" असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. पोलाद दाबून दाट होत नाही. ऐरणीचा खरा फायदा वेगळा आहे: पाठीची जाडी मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू उतरवता येते, हवं तिथे माल ठेवता येतो आणि पोलाद वाया जात नाही. साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीतून असं उतरतं पातं घासून काढायचं, तर निम्मं पोलाद भुसा होऊन जातं.

पात्यावरचे घणाचे खळगे हल्ली फार मागितले जातात. खळगे असण्यात वाईट काही नाही, पण ते हाताच्या कामाचा पुरावा नव्हेत. प्रेसखाली साच्यानेही तसे उठतात. साच्याचे खळगे ओळीत आणि एका मापाचे असतात, हाताचे कुठे दाट, कुठे विरळ, आणि धारेकडे येताना घासण्यात नाहीसे झालेले. पट्टेरी नक्षीच्या पात्यांचंही तेच. खरी नक्षी दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून, दुमडून येते आणि पाठीच्या कडेवरही दिसते. नुसती आम्लाने किंवा लेझरने काढलेली असेल तर कडेवर येताच संपते. दोन्ही प्रकारांत नक्षीचा धारेशी संबंध नसतो. ती आवडत असेल तर जरूर घ्या, डोळ्यांना आनंद देणारी वस्तू रोज हातात असावी असं मलाही वाटतं. फक्त तिच्यासाठी जाडीवर तडजोड करू नका.

सुऱ्याचा जीव त्याला पाणी देण्यात असतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग गिऱ्हाईकाला दिसत नाही आणि फोटोत येत नाही.

पातं ठोकून झालं की त्यातले कण मोठे आणि वेडेवाकडे झालेले असतात. म्हणून ते दोन-तीनदा तापवून हवेत शांत निवू द्यायचं. दर वेळी तापमान आधीपेक्षा थोडं कमी. याने कण बारीक होतात. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते, आणि तसं पातं पुढे तुटलं तर तुटलेली कड साखरेच्या दाण्यांसारखी चमकते.

मग मुख्य काम. भट्टीतला उजेड मी कमी ठेवतो, बाहेर ऊन असेल तर दार लावून घेतो, कारण रंग उजेडात फसवतो. पातं लाल व्हायला लागलं की काठीच्या टोकाला बांधलेलं चुंबक लावून पाहायचं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. साध्या कार्बन पोलादाला तिथून अजून चाळीस-पन्नास अंश वर न्यायचं असतं आणि पूर्ण धारेवर एकसारखं न्यायचं असतं. त्या क्षणी पात्यावर सावलीसारखं काहीतरी सरकताना दिसतं. आतली रचना बदलताना उष्णता शोषली जाते, त्याची ती सावली. ती सरकून गेली, रंग एकसारखा झाला, की थेट तेलात. तेल कोमट हवं, पन्नास-साठ अंशांचं. थंड तेल दाट असतं आणि उष्णता सावकाश ओढतं. पातं सरळ, धार खाली, आणि पुढे-मागे हलवायचं. बाजूला हलवलं तर रुंद पातं हमखास वाकतं. पहिल्या एक-दोन सेकंदांत जे व्हायचं ते होतं. त्या दोन सेकंदांत मी श्वास घेत नाही. 'टिक्' असा बारीक आवाज आला तर पात्याला चीर गेली, आठवड्याचं काम संपलं. ते पातं मी सरळ मोडून ठेवतो, झाळून विकत नाही.

पाण्यात बुडवून कडक करण्याचीही जुनी परंपरा आहे. जपानी लोहार पात्याला मातीचा पातळ लेप देऊन पाण्यात बुडवतात आणि त्यांच्या हातून ते सुंदर साधतं. पाणी उष्णता झटक्यात ओढतं, म्हणून चीर जाण्याचा धोका जास्त. पातळ आणि रुंद पात्याला मी तेलच वापरतो.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं. कानस त्यावरून घसरते, चावत नाही. याच अवस्थेत ते जमिनीवर पडलं तर फुटू शकतं. म्हणून लगेच पुन्हा मंद तापवून कडकपणा थोडा उतरवायचा, यालाच टेंपरिंग म्हणतात. दोनशे अंशांच्या आसपास दोन तास, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर या उष्णतेत रंग चढतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. भाजीच्या धारेला पिवळा पुरे. हाडांच्या सत्तुराला त्याहून पुढे न्यावं लागतं. आणि तयार सुऱ्याच्या धारेलगत निळा डाग दिसला तर समजा की घासताना ग्राइंडरच्या पट्ट्यावर धार भाजली आहे. तिथला कडकपणा गेलेला असतो. पाणी दिल्यानंतर मी पातं उघड्या बोटांनी धरूनच घासतो. बोटांना चटका बसला की पाण्यात बुडवायचं. हातमोजे घातले तर ही सूचना मिळत नाही.

कडकपणाचे आकडे रॉकवेल मापात सांगतात. ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांच्या त्या यंत्राला अमेरिकेत १९१९ मध्ये पेटंट मिळालं, आणि पोलादावर टोक दाबून ते किती खोल जातं यावरून ते कडकपणा मोजतं. पातळ सुऱ्याला साठ ते बासष्ट, मधल्याला सत्तावन्न ते एकोणसाठ, हाडांच्या सत्तुराला चौपन्न ते छप्पन्न. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला सुरा, असा समज फार पसरला आहे. बासष्टच्या धारेने हाड तोडलं तर टवका उडतो. पंचावन्नची धार फार तर मुडपते आणि मुडपलेली धार पाच मिनिटांत सरळ करता येते. टवका दगडावर तासन्‌तास घासल्याशिवाय जात नाही.

आता पोलाद, आणि ते मी लवकर उरकतो. बाजारात पोलादाच्या जाती क्रमांकांनी ओळखतात. हाडांच्या आणि मधल्या सुऱ्याला ५१६०. गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचं हे पोलाद, कार्बन सुमारे ०.६ टक्के, थोडं क्रोमियम, अतिशय चिवट. पातळ सुऱ्याला १०८४, म्हणजे साधं कार्बन पोलाद, किंवा ५२१००. ५२१०० हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन एक टक्का आणि क्रोमियम दीड टक्का, बारीक धार धरतं आणि बराच काळ टिकवतं. जपानी शिरोगामी, म्हणजे पांढऱ्या कागदाच्या नावाने ओळखलं जाणारं शुद्ध कार्बन पोलाद, धार लावायला लोण्यासारखं, पण टवक्याला नाजूक. गंज न लागणारं पोलाद हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफील्डमध्ये १९१३ साली वितळवलं आणि तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या बदलल्या. कोळशाच्या भट्टीवर मात्र ते नीट कडक करता येत नाही. त्याला हजार अंशांच्या वर, नियंत्रित भट्टीत, ठरलेली मिनिटं ठेवावं लागतं. गंज नको असेल तर ज्याच्याकडे विजेची नियंत्रित भट्टी आहे अशाच कारागिराकडे जा, किंवा मध्ये कार्बन पोलाद आणि दोन्ही बाजूंना न गंजणाऱ्या पोलादाचा थर असं पातं मागा. त्यात धारेची बारीक पट्टी तेवढी सांभाळावी लागते.

भंगारातल्या पोलादाचा सुरा घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. घ्यावा, जर लोहार त्याच भंगारावर वर्षानुवर्षं काम करत असेल तर. तैवानच्या ताब्यातल्या किनमन बेटावर २३ ऑगस्ट १९५८ पासून तोफगोळ्यांचा मारा झाला. पुढे १९७९ पर्यंत प्रचारपत्रकांचे गोळे पडत राहिले. तिथले लोहार त्या गोळ्यांच्या पोलादातून आजही स्वयंपाकघरातले सुरे घडवतात आणि ते चांगले निघतात, कारण एकाच जातीचं पोलाद पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलं आहे. ज्याला आज स्प्रिंग मिळाली, उद्या कानस, परवा रुळाचा तुकडा, त्याला प्रत्येक वेळी अंदाजच करावा लागतो. अशा लोहाराला विचारा: या तुकड्याचा नमुना आधी कडक करून, मोडून पाहिला का? पाहिला असेल तर बिनधास्त घ्या.

मुठीबद्दल दोनच गोष्टी. पात्याचा मुठीत जाणारा भाग, ज्याला आम्ही शेपटी म्हणतो, तो पात्याला मिळतो तिथे काटकोन नसावा, गोलाई असावी. काटकोनात ताण साठतो आणि सत्तूर तिथेच मोडतो, तोही वार करताना. आणि शेपटी मुठीच्या आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेली असेल तर उत्तम. गोल लाकडी मूठ ओल्या हातात फिरेल असं वाटतं, पण चिमटीत पातं धरलं की फिरत नाही. तोडायच्या सत्तुराला मात्र लंबगोल मूठ मागा.

लोहाराला लिहिताना मग असं लिहा: "रोज भाजी, महिन्यातून दोनदा कोंबडी, मोठी हाडं नाहीत. बोर्ड लाकडी आहे. पातं वीस बाय साडेनऊ, वजन साडेचारशेच्या आत. पुठ्ठा सोबत आहे. उजव्या हाताने कापतो, पातं चिमटीत धरतो. धार मी स्वतः हजारच्या (१००० ग्रिटच्या) दगडावर लावतो. गंज सांभाळेन." एवढ्यावरून चांगला लोहार पोलाद, जाडी आणि कडकपणा स्वतः ठरवेल. त्याने उलट प्रश्न विचारले तर उत्तरं नीट द्या, तो तुमचाच सुरा मनात घडवत असतो.

सुरा आला की आधी धार पाहू नका. पाठीकडून एक डोळा मिटून उजेडाकडे धरा, रेष सरळ हवी. रुंद पात्यात केसभर वाक असतोच आणि तो चालतो, पण नागमोडी नको. मग मूठ सैल धरून पात्याच्या मध्यावर नखाने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर ठीक. फुटक्या भांड्यासारखा बसका आवाज आला तर चीर असू शकते किंवा थर सुटलेले असू शकतात. सपाट बोर्डवर धार टेकवा आणि मागून बॅटरीचा उजेड पाडा: धारेत खळगा असेल तर उजेड खालून येतो, आणि अशा जागी भाजी पूर्ण तुटत नाही, माळेसारखी जोडलेली राहते. पातळ धारेची आणखी एक परीक्षा आहे. पितळेच्या गोल सळईवर धार पंधराएक अंशांत टेकवून हलका दाब द्या. धार किंचित वाकून पुन्हा सरळ झाली पाहिजे. वाकलेलीच राहिली तर नरम आहे, कपची उडाली तर फार कडक. ही परीक्षा हाडांच्या सत्तुराला लागू नाही.

वापरताना पात्याला पिळू नका. भाजी गोळा करायला धार बोर्डवर आडवी ओढू नका, पातं उलटं करून पाठीने ओढा. काच, दगड आणि चिनी मातीच्या बोर्डवर कुठलीही धार टिकत नाही. हाडात सत्तूर रुतला तर डावी-उजवीकडे हलवू नका. हाडासकट उचलून पुन्हा हलकेच आपटा, किंवा पाठीवर लाकडी हातोडीने मारा. लोखंडी हातोडी कधीही नको, कडक पोलादावर कडक पोलाद आदळलं की उडणारी कपची डोळ्यात जाते. आणि सुरा हातातून निसटला तर दोन पावलं मागे व्हा, झेलायला जाऊ नका. मोडलेलं पातं मी पुन्हा घडवून देईन.

कार्बन पोलादावर पहिल्या आठवड्यातच निळसर-राखाडी छटा येईल. ती राहू द्या, ती तांबड्या गंजाला आवर घालते. सुरुवातीला कांदा थोडा काळवंडेल, लोखंडाचा वास येईल. छटा बसली की दोन्ही थांबतं. काम झाल्यावर धुऊन लगेच कोरडा करा, मूठ आणि पातं मिळतं त्या सांध्यात फडक्याचं टोक घालून पुसा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. महिनाभर ठेवायचा असेल तर खाण्याजोग्या मिनरल ऑइलचा हात फिरवा.

पहिली धार अपेक्षेपेक्षा लवकर उतरली तर घाबरू नका. भट्टीत तापताना पोलादाच्या पृष्ठभागातला कार्बन थोडा जळून जातो आणि घासताना त्या नरम थराची एखादी पापुद्र्याएवढी पट्टी धारेवर राहून जाऊ शकते. हजारच्या दगडावर दोन-तीनदा धार लावलीत की ती जाते आणि खालचं खरं पोलाद वर येतं. चौथ्यांदाही धार तशीच उतरू लागली तर सुरा लोहाराकडे परत पाठवा, आणि सोबत चिठ्ठीत लिहा: काय कापत होतात, कोणत्या बोर्डवर, आणि धार मुडपली होती की कपची उडाली होती.